खुर्च्या काढलेलं वाचनालय

आधी खुर्चीचं सांगतो. पुस्तकाचं मग.

१९७२ साल. दुष्काळाचं. गावाकडं माय खडी फोडायच्या कामावर, आणि मी तालुक्याच्या गावी वसतिगृहात. नववीत. वय चौदा. वसतिगृहात पुस्तकं म्हणजे शाळेची, तीही तिघांत एक. पेठेत एक सार्वजनिक वाचनालय होतं. नाव लिहीत नाही. तसली शंभर होती, एकालाच का बदनाम करा. पाटीवर 'सार्वजनिक' हा शब्द सगळ्यात मोठा रंगवलेला. मी त्या शब्दावर विश्वास ठेवून आत गेलो.

टेबलामागच्या गृहस्थांनी चष्म्यावरून पाहिलं.

"कुठला रे तू?"

"बोर्डिंगातला."

"वरच्या का खालच्या?"

गावात बोर्डिंगं दोन. वरचं पाटलांच्या पोरांचं, खालचं आमचं, ओढ्याकडंचं. जात विचारायची त्यांना गरजच पडली नाही. भूगोल विचारला, काम झालं.

"खालच्या."

"पेपर वाचायचाय ना? वाच की. कोण नाही म्हणतंय. तिथं स्टँडला लावलाय, उभ्यानं वाच. बाकं सभासदांची आहेत."

बाकं तीन होती. दोन रिकामी. एकावर एक म्हातारबुवा पेपर तोंडावर घेऊन झोपलेले. झोपायला चालत होतं. सभासद होते ते.

सभासद कसं व्हायचं, म्हणून विचारलं. अर्ज मिळाला. अनामत दहा रुपये, महिन्याची वर्गणी वेगळी, आणि खाली दोन रेघा: दोन विद्यमान सभासदांच्या शिफारशीच्या सह्या. दहा रुपये एकवेळ माय कुठूनही आणती. सह्या कुठून आणणार? भिंतीवर सभासदांची यादी टांगलेली होती. उभ्याउभ्या तीही वाचली. वरपासून खालपर्यंत आपलं एक आडनाव नाही. आमचे रेक्टरसुद्धा नव्हते त्यात, आणि ते बी. ए. होते.

मग दीड वर्ष उभ्यानं वाचलं. त्या गृहस्थांबद्दल खोटं सांगणार नाही, माणूस दुष्ट नव्हता. जुने मासिकांचे अंक रद्दीत जायच्या आधी मला देत. "घेऊन जा, तिकडं बसून वाच," म्हणत. तिकडं. घटनेच्या पंधराव्या कलमानं विहिरी, तलाव, रस्ते, दुकानं, सार्वजनिक वावराच्या जागा मोकळ्या केल्या होत्या. दार उघडं होतं ह्यात शंका नाही. बाक मात्र कुणी उघडलं नव्हतं.

ही गोष्ट मी पुष्कळ वर्षं कुणाला सांगितली नाही. मारहाण नाही, शिवी नाही, सांगायचं काय? आपल्या लेखनात गावकुसाबाहेरचं रक्त येतं, मेलेली ढोरं येतात, यायलाच पाहिजेत. त्यापुढं बाकाचं रडगाणं कोण ऐकणार? पुढं मुंबईला नोकरी लागली आणि अमेरिकेतल्या काळ्या लोकांचा इतिहास हाती लागेल तसा वाचू लागलो. १९७२ साली आपल्या पोरांनी संघटनेला पँथर नाव दिलं ते तिकडूनच आलेलं, हे सगळ्यांना ठाऊक. त्याच्याही आधी, १८७३ साली जोतीरावांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामीविरुद्ध लढलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, हेही पाठ. पण ब्लॅक पँथरच्या बंदुकांच्या फोटोमागं एक वेगळाच इतिहास पडून होता. त्यात बंदूक नव्हती. त्यात हायस्कूलची पोरं होती, आणि वाचनालयाची खुर्ची होती.

व्हर्जिनिया राज्यात डॅनव्हिल नावाचं शहर आहे. १८६५ च्या एप्रिलात, गुलामगिरी टिकवायला लढणाऱ्या दक्षिणेतल्या राज्यांचा राष्ट्राध्यक्ष जेफरसन डेव्हिस पळता पळता ह्या गावात आला आणि एका तंबाखू-व्यापाऱ्याच्या बंगल्यात राहिला. हरलेल्या गुलामशाहीची शेवटची गादी ती. पुढं त्याच बंगल्यात शहराचं सार्वजनिक वाचनालय झालं. सार्वजनिक म्हणजे गोऱ्यांचं. काळ्यांसाठी वेगळी शाखा, लहान. कर मात्र दोघांचा.

२ एप्रिल १९६० ला काळ्यांच्या हायस्कुलातली मुलं त्या बंगल्याच्या पायऱ्या चढून आत गेली. दोन महिन्यांपूर्वी, फेब्रुवारीत, ग्रीन्सबरो गावात चार काळे कॉलेजविद्यार्थी दुकानातल्या खाण्याच्या टेबलाशी बसले होते आणि दक्षिणेत सगळीकडं 'बसण्याची' लाट आली होती. पण ह्या पोरांनी खाण्याचं टेबल नाही धरलं, वाचायचं धरलं. वाचनालयानं काय केलं? त्या दिवशी दारच लावून घेतलं. प्रकरण कोर्टात गेलं. मे महिन्यात केंद्राच्या न्यायाधीशानं हुकूम दिला, रंगावरून कुणाला अडवता येणार नाही. तेव्हा नगरपालिकेनं अख्खं वाचनालय बंद करून टाकलं. गोऱ्यांनाही बंद! आमच्याकडं म्हण आहे, नवरा मेला तरी चालेल पण सवत रंडकी झाली पाहिजे. जूनमध्ये शहरानं ह्यावर मतदान घेतलं आणि बहुमतानं सांगितलं, बंदच ठेवा. आपल्या लेकरांना पुस्तक मिळालं नाही तरी चालेल, पण त्यांच्या शेजारी ते लेकरू नको.

सप्टेंबरात ते चाचणीपुरतं परत उघडलं. सर्वांसाठी. काळा या, गोरा या. आत गेल्यावर लोकांना दिसलं की टेबलं नाहीत आणि खुर्च्याही नाहीत. पुस्तक घ्यायचं आणि निघायचं. उभ्यानं.

हे वाचलं तेव्हा मी लोकलमध्ये होतो, उभाच होतो, आणि मला हसू आलं. शेजारच्यानं वळून पाहिलं. तेरा हजार किलोमीटरवरच्या त्या गोऱ्या नगरसेवकांना आमच्या पेठेतल्या चष्मेवाल्या गृहस्थांची अक्कल कशी सुचली?

खरं तर ही अक्कल एका विनोदी लेखकाची होती. हॅरी गोल्डन नावाचा ज्यू संपादक नॉर्थ कॅरोलिनात आपलं छोटं पत्र चालवायचा. त्यानं १९५० च्या दशकात गमतीनं एक योजना मांडली. म्हणाला, दुकानात, बँकेत, रांगेत गोरा आणि काळा शेजारी उभे राहतात, कुणाचं काही बिघडत नाही. भांडण होतं ते काळा बसला की. तर मग शाळांमधल्या खुर्च्या काढून टाका, सगळ्यांना उभ्यानं शिकवा, प्रश्न मिटला. लोक हसले. चार-पाच वर्षांत डॅनव्हिलनं ते गंभीरपणे अमलात आणलं. १९६२ साली अलाबामातल्या मॉन्टगोमेरीत कोर्टाच्या हुकमानंतर तेच झालं आणि १९६३ साली जॉर्जियातल्या ऑल्बनीतही तेच.

आणि अर्ज! डॅनव्हिलनं सभासदत्वाचा नवा अर्ज काढला, चार पानी. फी अडीच डॉलर. चारित्र्याची खात्री देणारी दोन माणसं आणि धंद्याव्यवहारातली दोन माणसं, त्यांची नावं द्या. पंधरा वर्षांच्या पोरानं कथा-कादंबरीचं पुस्तक मागायला व्यापारातले दोन जामीन आणायचे. आमच्याकडं दोनच रेघा होत्या, आम्ही सुदैवी.

बसणं ही काय चीज आहे हे आपल्याला कुणी शिकवायला नको. साताऱ्याच्या शाळेत भीमराव नावाचा पोरगा घरून गोणपाट न्यायचा, वर्गात कोपऱ्यात त्याच्यावर बसायचा आणि संध्याकाळी ते घरी परत आणायचा. शाळा झाडणारासुद्धा त्या गोणपाटाला हात लावत नव्हता. उभ्या माणसाला 'जा' म्हणता येतं. बसलेल्याला 'ऊठ' म्हणावं लागतं, आणि ऊठ म्हणायला कारण द्यावं लागतं. बसलेला माणूस पान उलटतो, दुसरं पुस्तक काढतो, उद्या परत येतो. तो हळूहळू जागेचा मालक होतो. विशेषतः चौदा ते वीस ह्या वयातला. त्या वयात माणूस एकदा जिथं बसला, तिथं त्याचं डोकं कायमचं बसतं.

म्हणून ह्या लढ्यात सगळीकडं कोवळी पोरं दिसतात. डॅनव्हिलच्याही एकवीस वर्षं आधी, २१ ऑगस्ट १९३९ ला, त्याच व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रिया शहरात विशीच्या आगेमागेचे पाच काळे जवान एकेक करून वाचनालयात शिरले. प्रत्येकानं सभ्यपणे कार्ड मागितलं. नकार मिळाला. प्रत्येकानं कपाटातून एक पुस्तक घेतलं आणि वेगवेगळ्या टेबलाशी जाऊन वाचत बसला. वेगवेगळ्या का, तर आपसात बोलत होते असा आरोप नको. ही योजना सॅम्युएल टकर ह्या सव्वीस वर्षांच्या काळ्या वकिलाची. सहावा एक चौदा वर्षांचा पोरगा होता. त्याला बसायचं काम नव्हतं, पळायचं होतं. पोलीस आले की धावत जाऊन वकिलाला सांगायचं. (माझं वय तेवढंच होतं. पण माझ्यासाठी ना वकील होता, ना मला कुणी पळ म्हणालं.) पोलिसांनी पाचांना धरलं. आरोप शांतताभंगाचा! वाचनालयात गप्प बसून वाचणं हा जगाच्या पाठीवर शांतताभंग झालेला दुसरीकडं कुठं ऐकलाय? न्यायाधीशानं निकालच दिला नाही, खटला तसाच कुजवला. ऐंशी वर्षांनी, २०१९ साली कोर्टानं ते आरोप काढून टाकले.

आता इथं अवघड जागा येते. खटला कुजवून शहरानं काय केलं, तर १९४० साली काळ्यांसाठी वेगळं छोटं वाचनालय बांधलं. जुनीपानी पुस्तकं, जुनंपानं सामान. टकरला त्या वाचनालयाचं कार्ड देऊ केलं गेलं. त्यानं लेखी नकार दिला. मला हवंय ते आमच्या घराजवळच्या त्या मुख्य वाचनालयाचं, म्हणाला. शाब्बास! पण माझ्या मनात येतं, त्या गल्लीतल्या बारा-तेरा वर्षांच्या पोरीनं काय करायचं? तिनंही नकार द्यायचा? तत्त्वाचा विजय होईपर्यंत तिचं वाचायचं वय निघून जाणार.

आपल्याकडं हा वाद आजही मिटलेला नाही. आपलं वेगळं काढायचं की त्यांच्याच टेबलाशी जाऊन बसायचं? दोन्हीचा इतिहास आहे आणि दोन्ही थोर आहेत. केंटकी राज्यातल्या लुइव्हिल शहरात १९०५ साली भाड्याच्या तीन खोल्यांत काळ्यांची शाखा निघाली. चालवणारे सगळे काळे, प्रमुख टॉमस फाउंटन ब्लू. १९०८ ला कार्नेगीच्या पैशातून पक्की इमारत झाली. तिथं हायस्कूलच्या मुलांचं वादविवाद मंडळ होतं, फ्रेडरिक डग्लसच्या नावाचं. गोष्टी सांगायच्या स्पर्धेला चषक होता. मुलामुलींचे क्लब होते. काळ्या मुलींना ग्रंथपालाचं काम शिकवायचे वर्गही पुढं निघाले. पुस्तक घरी नेण्यापुरतं ते वाचनालय नव्हतं, मुलं तिथं संध्याकाळ काढायची. गोऱ्यांच्या टेबलाशी बसायला नाही मिळालं, पण बसायला मिळालं.

आणि आपलं? २० जुलै १९२४ ला मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिच्या उद्देशांत वसतिगृहांच्या पाठोपाठ वाचनालयं, सामाजिक केंद्रं आणि अभ्यासमंडळं काढणं हे स्पष्ट लिहिलेलं आहे. १९२५ च्या जानेवारीत सोलापूरला हायस्कूलच्या मुलांचं वसतिगृह निघालं. तिथल्या पोरांनी स्वतःचं मासिक काढलं, नाव 'सरस्वती विलास'. (नावाला आता हसू नका. एकतीस वर्षांनी दीक्षा व्हायची होती.) मुंबईत फुकट वाचनालय काढलं आणि महार हॉकी क्लब काढला, पोरं जुगार-दारूकडं वळू नयेत म्हणून. वाचनालय आणि हॉकी एका दमात! आज शहाणे लोक सांगतात, तरुणांना वाचनालयात आणायचं तर खेळ पाहिजे, मंडळ पाहिजे, त्यांचं स्वतःचं पत्रक पाहिजे. बाबासाहेबांनी हे पोट मारून चालणाऱ्या संस्थेत १९२५ ला करून ठेवलं होतं. आपण त्या वर्षांतलं चवदार तळं लक्षात ठेवलं, हॉकी क्लब विसरलो.

त्यांना हे सुचलं त्याला कारण होतं. परळच्या चाळीत एका खोलीत सगळं घर. वडील रात्री दोनला उठवायचे तेव्हा कुठं अभ्यासाला शांतता. संध्याकाळी हा पोरगा चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसायचा. तिथंच कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींची नजर त्याच्यावर गेली, आणि १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर त्यांनी स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र त्याला भेट दिलं. पुढं त्यातून काय झालं हे १९५६ ला जगानं पाहिलं. लोक गुरुजींचं कौतुक करतात, केलंच पाहिजे. मी बागेच्या बाकाचं करतो. ते बाक कुणाची शिफारस मागत नव्हतं.

पण वेगळं काढून बाबासाहेब थांबले नाहीत. सोलापूरनंतर दोन वर्षांनी महाड. महाडच्या मागं बोले ठराव होता, ४ ऑगस्ट १९२३ चा. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कोर्टं, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले. यादी नीट वाचा. वाचनालय त्यात शब्दानं नाही. पाणी आठवलं, औषध आठवलं, पुस्तक कुणाला आठवलं नाही. अमेरिकेत ते १९०२ ला आठवलं होतं. अटलांटात कार्नेगी वाचनालय उघडलं तेव्हा डू बॉइस काही जणांना घेऊन विश्वस्तांपुढं उभे राहिले आणि विचारलं, कर आम्हीही देतो, मग आम्ही बाहेर का? वेगळी शाखा मिळायला १९२१ उजाडलं. ह्याच डू बॉइसना १९४६ साली बाबासाहेबांनी पत्र लिहिलं होतं, तुम्ही संयुक्त राष्ट्रांकडं काळ्यांची कैफियत नेताय, आम्हीही विचार करतोय, प्रती पाठवा म्हणून.

दार आणि टेबल दोन्ही नाकारलं की पोरं चोरवाट काढतात. रिचर्ड राइट मेम्फिसला विशीच्या आत होता. त्यानं एका गोऱ्याचं कार्ड उसनं घेतलं, आणि त्या गोऱ्याच्या नावानं खोटी चिठ्ठी लिहिली, ह्या पोऱ्याजवळ पुस्तकं द्या. आपण मालकासाठी निरोप्या आहोत असं सोंग काढून त्यानं मेन्केनची पुस्तकं मिळवली आणि त्यातून तो लेखक झाला. हे त्यानंच आत्मचरित्रात लिहिलंय. आमच्या वसतिगृहात एकजण असाच 'साहेबांनी मागितलंय' सांगून पुस्तक आणायचा. साहेब कोण, ते कधी कुणी विचारलं नाही.

शेवटची लढाई लुइझियानातली. क्लिंटन गावचं प्रादेशिक वाचनालय पुस्तकांच्या दोन गाड्या फिरवायचं, लाल गोऱ्यांची, निळी काळ्यांची. ७ मार्च १९६४ ला पाच काळे तरुण आत गेले. हेन्री ब्राउननं आर्ना बॉन्टेम्प्सचं काळ्यांच्या इतिहासावरचं पुस्तक मागितलं. बाई म्हणाल्या, इथं नाही, मागवते. तेव्हा ब्राउन खुर्चीवर बसला आणि बाकीचे चौघं त्याच्याभोवती उभे राहिले. एवढंच. दहा-पंधरा मिनिटांत शेरीफनं धरून नेलं. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, १९६६ ला पाच विरुद्ध चार मतांनी पोरं सुटली. एका मताचं अंतर! चार थोर न्यायमूर्तींना शेवटपर्यंत वाटत होतं की तो खुर्चीवर बसला ते काही बरं नाही केलं. मागवलेलं पुस्तक टपालानं घरी आलं. सोबत सूचना: परत करायचं तर टपालानं, नाहीतर निळ्या गाडीत.

पुढच्याच वर्षी, १९६७ ला, आपल्याकडं महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला. सरकारी अनुदान सुरू झालं, पण गावोगावची वाचनालयं राहिली संस्थांच्याच हाती. संस्थेला कार्यकारिणी, कार्यकारिणीला सभासद, सभासदाला अनामत आणि शिफारस. कायदा कुणाला ऊठ म्हणत नाही. म्हणायला लागतंच कशाला!

आम्ही पोरांनी अकरावीत असताना वस्तीतल्या समाजमंदिरात आपलं वाचनालय काढलं. एक पत्र्याची पेटी आणि एकसष्ट पुस्तकं. त्यात त्या गृहस्थांनी दिलेले जुने अंकही होते, हे लिहिलंच पाहिजे. संध्याकाळी कंदिलाभोवती बसायचो. दोन वर्षांत पेटीला वाळवी लागली आणि आम्ही नोकरीधंद्याला पांगलो. आमच्यातला एकजण मात्र त्या पेटीला कधी शिवला नाही. म्हणायचा, "मी बसंन तर त्या पेठेतल्या बाकावरच." तो बसला नाही. तो मॅट्रिकलाच राहिला. चूक त्याची होती की आमची, मला अजून ठरवता येत नाही.

मागं मी पेठेत गेलो होतो. बाकं गेलीत, अभ्यासिका झालीय. स्पर्धा परीक्षांची पोरं ठोकळे घेऊन बसलेली, त्यात आपली पुष्कळ. खुर्च्यांना नंबर आणि नंबराला महिन्याचे पैसे. कोपऱ्यात अर्ज पडले होते, एक उचलला. शिफारशीची रेघ आहे अजून. दोनाची एक झालीय.

भाचीची पोरगी त्याच गावात अकरावीत आहे. यंदा जयंतीला विहारात अठरा तास अभ्यास ठेवला होता. बाबासाहेब अठरा अठरा तास वाचायचे, म्हणून पोरंपोरी एका बैठकीत वाचतात, तसं. सकाळी सहाला सुरू. मी आठला गेलो तर दारात गोंधळ. नावं दिली होती चाळीस जणांनी आणि आले होते सत्तरच्या वर. पोरगी धावत आली.

"आजोबा, खुर्च्या कमी पडल्या. मागची पोरं उभी आहेत."

"उभी?"

"भिंतीला टेकून वाचतायत. म्हणतात चालंल आम्हाला."

मी मंडपवाल्याला फोन लावला. त्याच्याकडं लग्नाची ऑर्डर होती, तीसच मोकळ्या होत्या. टेंपो यायला पाऊण तास लागला.